जेना मावशी

भुताखेतांच्या गोष्टींचे मला लहानपणापासून वावडे. तेहतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. मुले अंधाराला घाबरली, की मी त्यांच्या हाती कंदील देऊन त्यांनाच खोलीत पाठवीत असे. तेव्हा माझ्याच घरात, माझ्याच आईने रोज रात्री एका भुताच्या मालिकेसमोर ठाण मांडून बसावे, हे मला मुळीच रुचले नाही. परंतु ऐंशीच्या घरातल्या आईला शिकवायचे काय आणि किती? मी गप्प राहिले.

ही गोष्ट २०१९ सालची. झी मराठी वाहिनीवर त्या वर्षीच्या जानेवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले होते. आमचे मैलूर बीदर शहरालगत, कर्नाटकात. दारात कानडी, बाजारात दखनी आणि चुलीपाशी मराठी, असा आमचा त्रिभाषी संसार. मालिकेतली मंडळी मात्र सिंधुदुर्गातली मालवणी बोलणारी. आईला त्यांचे निम्मे बोलणे कळत नसे. तरीही अण्णा नाईक, माई आणि शेवंता ही नावे तिच्या तोंडी अशी बसली, की शेजारच्या गल्लीतल्या माणसांविषयी बोलावे तसे ती त्यांच्याविषयी बोलू लागली.

ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगते. २०१६ साली आलेल्या पहिल्या पर्वाचा आरंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो, आणि मग त्या वाड्यात नाना चमत्कारिक प्रकार घडू लागतात. दुसरे पर्व काळाने मागे जाते. अण्णा अजून हयात आहेत. गावात दरारा, घरात धाक. माईसारखी सोशिक पत्नी असताना हा मनुष्य परस्त्रीच्या मोहात पडतो. पाटणकरांच्या पत्नीचे, शेवंतेचे, मन जिंकतो, आणि वासना, खोटी वचने व हत्या यांच्या साखळीत स्वतःला आणि इतरांना गुंतवीत नेतो. माधव अभ्यंकर, अपूर्वा नेमळेकर आणि शकुंतला नरे या तिघांनी या भूमिका इतक्या ताकदीने केल्या, की पुष्कळ प्रेक्षक भुते विसरले आणि माणसांनाच पाहत राहिले.

आई एके रात्री सुपारी कातरता कातरता म्हणाली, “भूत मागनं आलं गं. लबाडी आधी आली.”

तिच्या मांडीवर डोके ठेवून माझी भाची झोपली होती. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. मी दिवा मालवला आणि आईच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले. ते दुर्लक्ष मी जाणूनबुजून केले, हे आज कबूल करते.

पुढे दोन वर्षांनी आई गेली. घरात आम्ही दोघी उरलो, मी आणि भाची. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आजाराने वारली, तेव्हा पोर अवघी तीन वर्षांची होती. वर्ष पुरते उलटले नाही तोच तिच्या वडिलांनी दुसरे लग्न केले. मुलगी आमच्याकडेच राहिली. मी लग्न केलेले नव्हते. त्यामुळे लोक म्हणत, देवाने मावशीला लेक दिली. मीही तसेच मानू लागले होते.

गेल्या उन्हाळ्यात तिची दुसऱ्या वर्षाच्या पी.यू.सी.ची परीक्षा संपली. दिवसभर शिकाऊ वैमानिकांची विमाने डोक्यावरून घरघरत जायची. रात्री वीज गेली, की आम्ही गच्चीवर चटई टाकून पडायचो. ती मोबाईलवर एक इंग्रजी मालिका पाहत असे. कानांत बोंडे घातलेली, डोळे विस्फारलेले, मधूनच “अगं बाई!” असा उद्गार. एकदा मी डोकावून पाहिले, तो एका गोऱ्यापान, देखण्या तरुणाच्या डोळ्यांखाली काळ्या शिरा तटतटलेल्या, सुळे बाहेर आलेले आणि ओठांवर रक्त!

“हे काय अभद्र पाहतेस, पोरी?” मी म्हणाले.

“अभद्र काय, मावशी? आजीबरोबर अण्णा नाईक बघताना तू कधी बंद कर म्हणालीस का? इकडे ये. दोन भाग बघ. नाही आवडलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही.”

अशा रीतीने, वयाची साठी ओलांडल्यावर, मी ‘द व्हॅम्पायर डायरीज’ या अमेरिकन मालिकेचे दुसरे पर्व पाहावयास बसले. पहिल्या पर्वाची हकीकत तिने मला भाजी निवडता निवडता तोंडी सांगितली.

या मालिकेची जन्मकथा अशी. एल. जे. स्मिथ या लेखिकेने १९९१ सालापासून किशोरवयीन वाचकांसाठी या नावाची कादंबरीमाला लिहिली. केविन विल्यमसन आणि ज्युली प्लेक या दोघांनी तीवरून मालिका रचली. ती २००९ ते २०१७ या काळात ‘द सी डब्ल्यू’ या वाहिनीवर आठ पर्वे चालली. एकूण भाग १७१. गाव काल्पनिक, नाव मिस्टिक फॉल्स, व्हर्जिनिया राज्यातले. एलिना गिल्बर्ट नावाची शाळकरी मुलगी. तिचे आईवडील मोटार अपघातात गेलेले. तिच्यावर दोन सख्ख्या भावांचे प्रेम बसते, स्टीफन आणि डेमन. दोघेही रक्तपिपासू, दोघेही १८६४ सालापासून तारुण्यातच थिजलेले. आणि त्याच काळी या दोघांना नादी लावणारी कॅथरिन ही दिसायला हुबेहूब एलिनासारखी! नीना डोब्रेव्ह या एकाच अभिनेत्रीने या दोन्ही भूमिका केल्या आहेत. एकीच्या नजरेत माया आणि दुसरीच्या नजरेत डाव, चेहरा तोच. हे काम तिने खरोखर उत्तम केले आहे.

दुसरे पर्व बावीस भागांचे. सप्टेंबर २०१० ते मे २०११ या काळात ते प्रथम दाखवले गेले. पहिल्याच भागात कॅथरिन परतते आणि डेमनला सांगून टाकते, की तिचे प्रेम त्याच्यावर कधी नव्हतेच. ते सदैव त्याच्या भावावर होते. जिच्यासाठी या माणसाने जवळजवळ दीडशे वर्षे वाट पाहिली, तिचे हे उत्तर! तिथून पुढे सबंध पर्वभर कोणी ना कोणी कोणाला फसवीतच असतो. प्रियकर प्रेयसीपासून लपवतो, मैत्रीण मैत्रिणीला खोटे सांगते, शपथेवर केलेला करार ऐन वेळी मोडला जातो. कॅरोलाइन नावाची मुलगी स्वतः रक्तपिपासू झालेली असते, आणि तिची आई असते गावची पोलीस अधिकारी, अशा पिशाच्चांचा नायनाट करण्याची शपथ घेतलेली. कॅरोलाइन आपल्या प्रियकराला विश्वासाने हे गुपित सांगते. तो घाबरतो. तिने ते त्याच्या मनातून पुसून टाकल्यावर विसरल्याचे सोंग करतो, आणि आतून तिच्या आईला सामील होतो.

मी शिक्षिका, दोष काढल्यावाचून मला राहवेना. “शाळेत यांचा एकही तास पुरा होत नाही. अभ्यास कधी करतात ही मुले?” असे मी विचारले, तेव्हा भाची पोट धरून हसली. दुसरा दोष अधिक गंभीर होता. या गोष्टीत माणसे फार सहज मरतात आणि फार सहज परत येतात. एलिनाच्या धाकट्या भावाच्या बोटात एक अंगठी असते. अमानवी शक्तीने त्याची मान मोडली, तरी तो थोड्या वेळाने उठून बसतो. मरणाची अशी थट्टा मला पटत नाही. ज्या घरातून तिरडी उठली आहे, त्या घराला ते पटणार नाही.

पण एक गोष्ट मला तेवढीच पटली. या कथेतला नियम असा, की घरमालकाने ‘आत या’ म्हटल्यावाचून रक्तपिपासूला उंबरा ओलांडता येत नाही. बाहेर कितीही बळ असो, दारात त्याला थांबावे लागते. मी भाचीला म्हणाले, “हे मात्र खरे आहे. जे घर बुडवते, त्याला घरातल्याच कोणीतरी आत बोलावलेले असते.”

“मावशी, तू आता रंगायला लागलीस,” ती म्हणाली.

आणि खरोखरच मी रंगले होते. रोज रात्री दोन भाग. ती थांबवून थांबवून मराठीत सांगायची, मी प्रश्न विचारायची. एकदा मला आईने सांगितलेले एक गाणे आठवले. आमच्या या बीदर जिल्ह्यात, भालकीच्या बाजूला खानापूरजवळ मैलार आहे. तिथे मल्लण्णाचे, म्हणजे महाराष्ट्राच्या खंडोबाचे, प्रसिद्ध देऊळ आहे. वाघ्या-मुरळी गातात त्या गाण्यांत देव म्हाळसेला शिकारीचे निमित्त सांगून घर सोडतो आणि वेष पालटून धनगरांच्या बाणाईकडे चाकरीला राहतो. पुढे तो बाणाईला घेऊन घरी येतो, आणि मग दोघी सवतींचे भांडण रंगते. लोक त्या भांडणाला हसतात. आई मात्र म्हणायची, “म्हाळसेला कोणी आधी सांगितलं का?”

मी हे भाचीला सांगितले, तशी ती एकदम उठून बसली. “माईचंही तसंच होतं, मावशी. माईला सगळं माहीत असायचं. पण तिला सांगितलेलं कोणीच नसायचं.”

अठरा वर्षांच्या मुलीने काढलेले हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. प्रेमाच्या आणि फसवणुकीच्या गोष्टी नेहमी प्रेम करणाऱ्यांच्या किंवा फसवणाऱ्यांच्या असतात. गाणी त्यांची, संवाद त्यांचे, छायाचित्रे त्यांची. ज्याला सांगितले गेले नाही, ते माणूस कोपऱ्यात ताटे मांडीत असते. त्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

त्या इंग्रजी मालिकेत कोपऱ्यातले ते माणूस होते एलिनाची मावशी, जेना.

जेना ही एलिनाच्या आईची धाकटी बहीण. स्वतःचे शिक्षण अजून चालू, वय तरुण, संसाराचा अनुभव नाही, आणि बहिणीच्या अपघाती मृत्यूमुळे दोन वाढत्या मुलांचा भार अंगावर आलेला. सारा कॅनिंग या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. जेना चुकते, वैतागते, स्वयंपाकात घोटाळे करते. पण मुलांना सोडून जात नाही. तिला पाहताच मला हसू आले आणि थोडे रडूही. माझ्या पदरी भाची आली, तेव्हा मला तिची वेणीदेखील नीट घालता येत नव्हती.

या जेनाला, तिच्याच घरात काय चालले आहे, हे जवळजवळ शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. भाची सांगत नाही, भाचा सांगत नाही, जिवलग मित्र सांगत नाही. हा मित्र इतिहासाचा शिक्षक असतो. आपली पत्नी वारली, असे त्याने तिला भासवलेले असते. आणि एके दिवशी तीच पत्नी जेनाच्या दारात उभी राहून आपली ओळख देते, की मी एलिनाची जन्मदात्री! सर्वांचे कारण एकच: जेनाला कळले तर तिच्या जिवाला धोका होईल. तिच्या भल्यासाठी गप्प राहायचे. पर्व संपायला थोडेच भाग उरले असताना तिला सत्य कळते, आणि ती हुंदके देऊन रडते. मग एकविसाव्या भागात, क्लाऊस नावाच्या दुष्टाच्या यज्ञात, तिचा बळी जातो. तो भाग ५ मे २०११ रोजी प्रथम दाखवला गेला होता.

आम्ही तो पाहिला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. जेनाला अंगठी नव्हती. तिला परत आणणारा कोणी नव्हता. इतक्या सहज उठून बसणाऱ्या माणसांच्या गोष्टीत ती खरोखरची मेली. शेवटी कबरीपाशी मुले उभी राहतात. भाची ढसाढसा रडत होती.

“तिला आधीच सांगितलं असतं तर ती सावध राहिली असती,” ती म्हणाली. “सगळ्यांनी मिळून तिला मारलं. प्रेमाने मारलं.”

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती पालथी वळली आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, “मावशी, मी तुझ्यापासून एक लपवलंय. पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरलाय. दोन आठवडे झाले. तुला एकटं वाटेल म्हणून सांगितलं नाही.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “बरे केलेस, पोरी. अर्ज भरलास ते बरे केलेस, आणि सांगितलेस ते त्याहून बरे केलेस.” इतके बोलून मी खाली आले, आणि अंधारात आईच्या पलंगावर बसून राहिले.

कारण माझ्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती, आणि त्या पेटीत चार पत्रे होती.

भाचीच्या वडिलांनी दुसरे लग्न केले, तेव्हा माझा संताप अनावर झाला होता. बहिणीच्या चितेची राख निवली नाही तोच हा मनुष्य बोहल्यावर चढला, असे मी चारचौघांत म्हणाले होते. त्यांचे फोन मी घेईना. मग त्यांनी पत्रे लिहिली. २०१२ ते २०१६ या काळात चार. मुलीला एकदा पाहू द्या, एवढेच पहिल्या पत्रात होते. दुसऱ्यात तिच्या शाळेच्या खर्चाविषयी विचारणा होती. तिसऱ्यात तिला बहीण झाल्याचे कळवले होते. चौथे पत्र दोनच ओळींचे. त्यानंतर पत्र आले नाही. मी एकालाही उत्तर लिहिले नाही. आणि मुलगी कळती होऊन विचारू लागली, तेव्हा मी सांगितले, “त्यांनी तुझी कधी चौकशी केली नाही.”

हे मी तिच्या भल्यासाठी केले, असे स्वतःला बजावीत आले होते. सावत्र घरात पोरीचे हाल होतील; दोन्हीकडे ओढाताण होईल; अभ्यास बुडेल. कारणे पुष्कळ होती, आणि काही अगदीच खोटी नव्हती. पण रात्री एकटी असताना मनुष्य स्वतःशी फार वेळ खोटे बोलू शकत नाही. खरे कारण एकच होते. तिने एकदा वडिलांना पाहिले, तर ती त्यांच्याबरोबर जाईल. आणि मग या घरात मला कोण?

आईला पत्रांविषयी ठाऊक होते. दुसरे पत्र टपालवाल्याकडून तिनेच घेतले होते. “भूत मागनं आलं गं, लबाडी आधी आली,” हे ती त्या रात्री अण्णा नाईकांविषयी बोलली की माझ्याविषयी, हे मी तिला विचारले नाही. आता विचारता येत नाही.

त्या पर्वात आठव्या भागात एक प्रसंग आहे. डेमन रात्री एलिनाच्या खोलीत येतो. आपले तिच्यावरील प्रेम शब्दांत सांगतो, मनापासून सांगतो. आणि मग आपल्या मोहिनीशक्तीने तिला ते सारे विसरायला लावून निघून जातो. कबुली दिली, पण जिला दिली तिच्यापाशी ती ठेवली नाही. भाचीला हा प्रसंग फार हृदयद्रावक वाटला होता. मलाही त्या क्षणी तसाच वाटला. परंतु त्या रात्री, पेटीकडे पाहत असता, मला तो भित्रेपणा वाटला. कारण मीही तेच करीत आले होते. दरवर्षी बहिणीच्या स्मृतिदिनी तिच्या तसबिरीला हार घालताना मी मनात म्हणे, “बाई, तुझ्या लेकीपासून मी पत्रे लपवली आहेत, मला क्षमा कर.” तसबीर काय बोलणार? जिच्याकडून उत्तर येण्याची भीती नाही, अशा व्यक्तीपाशी कबुली देणे फार सोपे असते. मी त्या कबुलीने हलकी होऊन पुढले वर्षभर निर्धास्त राहत असे.

गोष्टींतल्या भुतांचे एक बरे असते. ज्यांचा घात झाला, ते मेल्यावरही परत येतात आणि हिशेब मागतात. अण्णा नाईकांच्या वाड्यात ते येतात, मिस्टिक फॉल्समध्येही येतात. आपल्या घरांत तसे होत नाही. माझी बहीण कधी आली नाही. आईही आली नाही. पेटी उघडा, असे मला कोणी रात्री येऊन म्हटले नाही. म्हणूनच ती उघडायची तर मलाच, जिवंतपणी, उघडावी लागणार होती.

तरीही मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, मी चारही पत्रे तिच्या पुढ्यात ठेवली. “ही तुझी आहेत. मी इतकी वर्षे लपवून ठेवली. त्यांनी चौकशी केली नाही, असे मी सांगितले, ते खोटे होते.”

तिने पाकिटांवरचे शिक्के पाहिले. पत्रे उचलली आणि गच्चीवर गेली. दुपारी खाली आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता.

“तू वाचली होतीस ही?”

“हो.”

“मग उत्तर का नाही लिहिलंस?”

माझ्यापाशी सारी कारणे तयार होती. सावत्रपणा, अभ्यास, ओढाताण. मी त्यांपैकी एकही पुढे केले नाही. “तू जाशील म्हणून,” मी म्हणाले.

ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. पाणी भरले, दळण आणले, दोघींचे ताट वाढले. पण ‘मावशी’ अशी हाक मारली नाही. त्या आठ दिवसांत विमानांची घरघर मला गोड वाटू लागली, कारण घरात दुसरा आवाज नव्हता. त्या पर्वाचा शेवटचा भाग आमचा पाहायचा राहिला होता. तो तसाच राहिला.

नवव्या दिवशी तिने उदगीरच्या एका नातेवाइकाकडून वडिलांचा नंबर मिळवला आणि माझ्यासमोर बसून फोन केला. काय बोलणे झाले, ते येथे लिहीत नाही; ते तिचे आहे. जून महिन्यात ते मैलूरला आले. केस पिकले होते. बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या हनुवटीवर आमच्या पोरीसारखीच खळी होती. ते तासभर बसले. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “मीही दार ठोठावायला हवं होतं. चार पत्रं लिहून गप्प बसलो.” चहा निवून गेला, तो कोणीच प्यायला नाही.

आमचे सारे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. तेरा-चौदा वर्षांचा दुरावा एका तासात भरून येत नाही. भाचीने मला क्षमा केली का, हेही मी तिला विचारलेले नाही. विचारले, तर तिला ‘हो’ म्हणावे लागेल, आणि ते ‘हो’ माझ्या समाधानासाठी असेल. तिला हवा तितका वेळ तिने घ्यावा.

वाचकहो, तरुण मुले-मुली असल्या मालिका पाहतात, म्हणून आपण वडीलधारी माणसे काळजी करतो. काळजी अगदीच अनाठायी नाही. त्या मालिकेत रक्त फार आहे, आणि देखण्या चेहऱ्यामागच्या क्रौर्याला पुष्कळदा फार लवकर माफी मिळते. मी हे भाचीला स्पष्ट सांगितले, आणि तिने मान्यही केले. पण त्याच मालिकेने आम्हा दोघींना जे दाखवले, ते मला तेहतीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून दिसले नव्हते. शत्रूने केलेला घात आपण ओळखतो आणि त्याच्यापासून सावध राहतो. मायेच्या माणसाने आपल्या भल्याच्या नावाखाली जे लपवून ठेवलेले असते, त्याच्यापासून सावध कसे राहणार? लहान मुलाला सारेच सांगता येत नाही, हे मी जाणते. परंतु ‘आता नको, मोठी झाल्यावर सांगेन’ म्हणणे निराळे, आणि ‘असे काही नाहीच’ म्हणणे निराळे. पहिल्यात वाट पाहणे आहे. दुसऱ्यात चोरी आहे. मी चोरी केली होती.

जुलैत ती पुण्याला गेली. जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही गच्चीवर चटई टाकली. तिने आपण होऊन मोबाईल काढला आणि राहिलेला बाविसावा भाग लावला. पावसाची भुरभुर सुरू झाली, तशी चादर आम्हा दोघींच्या डोक्यांवरून ओढून घेतली. भाग संपल्यावर ती म्हणाली, “मावशी, तिसरं पर्व तू माझ्याआधी बघू नकोस हं. सुट्टीत आले की बरोबर बघू.”

मावशी, असे ती म्हणाली. कित्येक दिवसांनी.

मी अजून तिसरे पर्व पाहिलेले नाही. पाहिले, तर तिला आधी सांगेन.